मूठभर धान्य आणि शाळेची सभा

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)

जून महिन्यात शाळा सुरू झाली, की पंधरा-वीस दिवसांत घरी एक निरोप येतो : 'पालक सभेस आवर्जून उपस्थित राहावे.' पूर्वी हा निरोप चिठ्ठीवर यायचा आणि चिठ्ठी बहुतेक वेळा दप्तराच्या तळाशी पेन्सिलीच्या सालपटांबरोबर राहायची. आता तो मोबाइलवर येतो. आपण त्याखाली अंगठ्याचे चित्र टाकतो आणि मोकळे होतो. एके काळी कागदावर अंगठा उठवणाऱ्या माणसाला आपण अडाणी म्हणत होतो, हे अशा वेळी आठवते.

मी छत्तीस वर्षे शिक्षक होतो, त्यातली बरीचशी जिल्हा परिषदेच्या शाळांत. या काळात पालक सभा किती झाल्या, याचा हिशेब नाही. पण शिक्षकांच्या खोलीत एक वाक्य मी प्रत्येक सभेनंतर ऐकले : 'आपल्या लोकांना शिक्षणाची आस्थाच नाही हो.' आणि शाळेच्या फाटकाबाहेर दुसरे वाक्य ऐकले : 'गुरुजी पगार घेतात, त्यांचं ते बघतील.' निवृत्तीनंतर जुनी पुस्तके, अहवाल वाचायला सवड मिळाली, तेव्हा या दोन वाक्यांचा मी जरा मागोवा घेतला. खरेच का आपल्याकडच्या आईबापांना शाळेची आस्था नव्हती? मला जे सापडले ते बरोबर उलटे होते.

सुरुवात पंतोजींपासून करू. मुंबई इलाख्यात इंग्रजांनी १८२९ साली शाळांची मोजदाद केली, तेव्हा १,७०५ शाळा आणि त्यांत सुमारे ३५ हजार मुले आढळली. यांतल्या सरकारी शाळा किती? अवघ्या २५. बाकीच्या सगळ्या लोकांनी चालवलेल्या. देवळाची ओवरी, वाड्याची पडवी किंवा पंतोजींचे स्वतःचे घर, एवढीच त्यांची इमारत. पंतोजींना वेतन म्हणून धान्य मिळे, सणावाराला शिधा मिळे आणि थोडीफार रोकड. पोराला हिशेब येत नसेल, तर बाप थेट पंतोजींना विचारू शकत असे, कारण देणारा तोच होता. अर्थात या चित्राने फार हुरळून जाण्याचे कारण नाही. या शाळांची दारे मुलींना बंद होती आणि अस्पृश्य मानलेल्या जातींनाही बंद होती. 'गावाची शाळा' याचा अर्थ गावातल्या काही घरांची शाळा, एवढाच होता.

ती दारे उघडण्याचे काम जोतीराव आणि सावित्रीबाई फुले यांनी १८४८ पासून पुण्यात केले. आपण त्यांच्या शाळांविषयी नेहमी बोलतो, पण १८५५ मध्ये त्यांनी आपल्या घरी शेतकरी आणि मजूर यांच्यासाठी रात्रीची शाळा काढली, तिच्याविषयी फारसे बोलत नाही. दिवसभर कष्ट करून आलेला बाप रात्री स्वतः पाटीवर अक्षरे गिरवू लागला, की मुलीला शाळेत का पाठवायचे हे त्याला निराळे सांगावे लागत नसणार. पालकाचा शाळेशी संबंध जोडण्याची ही मला माहीत असलेली सर्वांत सरळ वाट आहे. पुढे १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीरावांनी मागणी केली, की निदान बारा वर्षांच्या वयापर्यंत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करावे. सरकारचे उत्पन्न शेतकऱ्याच्या घामातून येते आणि खर्च मात्र वरच्या वर्गांच्या शिक्षणावर होतो, अशी त्यांची तक्रार होती. कर भरणाऱ्या पालकाने शाळेचा हिशेब मागण्याचा हा आपल्याकडचा फार जुना दाखला म्हणता येईल.

सक्तीची मागणी ब्रिटिश सरकारने ऐकली नाही. गोपाळ कृष्ण गोखले यांनी १९११ मध्ये मध्यवर्ती कायदेमंडळात विधेयक मांडले, ते १९१२ मध्ये फेटाळले गेले. संस्थानांत मात्र वेगळे वारे होते. बडोद्यात सयाजीराव गायकवाडांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यापासून प्रारंभ करून १९०६ मध्ये राज्यभर सक्ती केली. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९१७ मध्ये सक्तीच्या मोफत शिक्षणाचा हुकूम काढला आणि मुलाला शाळेत न पाठवणाऱ्या पालकाला दरमहा एक रुपया दंड ठेवला. त्या काळी रुपया ही गरिबाच्या घरात मोठी रक्कम होती. दंडाची ही गोष्ट आज भाषणांतून टाळ्यांसाठी सांगितली जाते. मला तिची दुसरी बाजूही महत्त्वाची वाटते. दंड पोराला शाळेच्या दारापर्यंत आणतो, पण बाप दाराबाहेरच उभा राहतो. त्याला आत आणायला आणखी काहीतरी लागते.

ते 'आणखी काहीतरी' कर्मवीर भाऊराव पाटलांना सापडले होते. त्यांनी ४ ऑक्टोबर १९१९ रोजी कराड तालुक्यातल्या काले या गावी रयत शिक्षण संस्था स्थापन केली, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याच्या आधीपासून, दूधगावच्या आश्रमाच्या दिवसांपासून, त्यांच्या कामाशी जोडलेली मुष्टिफंडाची कल्पना मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. घरातली बाई जात्यावर दळायला बसली, की दळणातले मूठभर धान्य बाजूच्या मडक्यात टाकायचे. आठवडा-पंधरवड्याने ते गोळा करायचे आणि त्यावर वसतिगृहातल्या पोरांचे जेवण चालवायचे.

मूठभर ज्वारीने घराला तोशीस लागत नाही. पण विचार करा, ती मूठ कोण टाकत होते? पाटील नव्हे, सावकार नव्हे, घरातली बाई. जिने शाळेचे तोंड पाहिले नाही, जिला सभेला कोणी बोलावले नसते, ती जात्यावर बसल्या बसल्या शाळेची भागीदार झाली. देणगीदाराचे नाव संगमरवरावर कोरले जाते. या बायांची नावे कुठेच नाहीत. पण ज्या घरातून धान्य जात होते, त्या घराला 'पोरं काय शिकली?' असे विचारण्याचा अधिकार आपोआप मिळत होता, असे मला वाटते. भाऊरावांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी साताऱ्याच्या वसतिगृहातली मुले उपाशी राहू नयेत म्हणून अंगावरचे दागिने, अखेरीस मंगळसूत्रही दिले, हे आपण वाचलेले असते. ते बलिदान मोठे आहेच. पण संस्था टिकते ती अशा एका मोठ्या त्यागाबरोबरच हजारो छोट्या मुठींवर.

१९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेरांचे मंत्रिमंडळ आले आणि जिथे शाळा नाही अशा खेड्यांत खासगी प्रयत्नाने निघणाऱ्या शाळांना अनुदान देण्याचे धोरण पुढे आले. भाऊरावांनी ही संधी घेतली. 'व्हॉलंटरी शाळा' या नावाने त्या ओळखल्या गेल्या. बहुतेक ठिकाणी एकच शिक्षक. जागा गाव देणार, चावडी असो वा देऊळ. शिक्षक तयार करण्यासाठी साताऱ्यात १९३५ पासून अध्यापक विद्यालय होतेच. डोंगरावरच्या वाड्यावस्त्यांत या शाळा पसरत गेल्या आणि त्यांची संख्या ५७८ वर पोहोचली. स्वातंत्र्यानंतर त्या सरकारी व्यवस्थेकडे, म्हणजे जिल्ह्याच्या शाळा मंडळाकडे सोपवल्या गेल्या.

इथे आपल्या गोष्टीला वळण लागते. शाळा सरकारकडे जाणे हे चांगलेच झाले, यात मला शंका नाही. शिक्षकाला वेळेवर पगार मिळू लागला, प्रशिक्षण मिळाले, जातीवरून पोराला दाराबाहेर बसवणे कायद्याने बंद झाले. १ मे १९६२ रोजी जिल्हा परिषदा सुरू झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. वाडीवाडीत शाळा पोहोचली ती यामुळेच. मी स्वतः त्याच व्यवस्थेची भाकरी खाल्ली आहे. पण या घडामोडीत एक गोष्ट हातातून निसटली. शाळेची किल्ली गावाच्या खुंटीवरून तालुक्याच्या कचेरीत गेली. खडू संपला तर कोणाला सांगायचे, छप्पर गळले तर कोण बघणार, या प्रश्नांची उत्तरे आता गावाबाहेर होती. ज्याला विचारून काही होत नाही, त्याने विचारणे सोडून दिले. आपण त्याला 'अनास्था' असे नाव ठेवले.

याच काळात काही माणसे वेगळ्या टोकाने काम करत होती. ताराबाई मोडक यांनी १९३३ पासून मराठीत 'शिक्षणपत्रिका' चालवली, ती शिक्षकांइतकीच आईबापांसाठी होती. मूल वाढवायलाही शिकावे लागते, हे मध्यमवर्गीय घरांना ऐकवायला त्या काळी धीर लागत असणार. पुढे १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या. अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या. बालवाडी काढली, पण हरिजन वस्तीतली मुले तिथे येईनात. मग ताराबाईंनी बालवाडीच उचलून त्यांच्या वस्तीत, त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' हा शब्द तिथला. पुढे कोसबाडच्या टेकडीवर, वारली आदिवासींच्या मुलांसाठी, गुरे चारणारी पोरे जिथे असत तिथे कुरणशाळा भरली.

अंगणात शाळा भरली, की काय होते ते डोळ्यांसमोर आणून पाहा. आई चुलीपाशी बसून बघते. बाई पोराचे नाक पुसतात, नखे काढतात, त्याला गाणे म्हणायला लावतात, हे सारे तिच्या नजरेसमोर घडते. बाईंना चूल, दुखणे, दारू, सगळे घर दिसते. पालक सभा म्हणून वेगळी बोलवावी लागत नाही, ती रोजच भरलेली असते. केंद्र सरकारने २ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हे नाव देशभर गेले. नावाबरोबर अंगण कितपत गेले, हा प्रश्न मी अनेकदा स्वतःला विचारतो.

आणखी एक नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. कोल्हापूर जिल्ह्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक. कोठारी आयोगाचे ते सदस्य-सचिव होते, गारगोटीच्या मौनी विद्यापीठाच्या उभारणीत त्यांचा मोठा वाटा होता. त्यांनी स्थापन केलेल्या भारतीय शिक्षण संस्थेने पुणे जिल्ह्यातल्या खेड्यांत १९७९ नंतर जो प्रयोग केला, त्यात चित्रा नाईक अग्रभागी होत्या. दिवसा काम करणाऱ्या मुलांसाठी रात्रीचे वर्ग, आणि वर्ग कुठे भरवायचा, किती वाजता भरवायचा, कोणी शिकवायचे, हे गावाच्या समितीने ठरवायचे. मुले काय शिकली हे दाखवण्यासाठी बालजत्रा भरत. परीक्षेचा निकाल कागदावर येतो आणि आईला वाचता येत नाही. जत्रेत मात्र पोर वाचताना, मोजमाप करताना तिला दिसते. या प्रयोगाची आठवण आज शिक्षण खात्यातही फार जणांना नसेल.

मग कायदे आले. १९८६ च्या राष्ट्रीय धोरणानंतर ग्रामशिक्षण समित्या झाल्या, २००१ नंतर सर्व शिक्षा अभियानाने त्यांच्यामार्फत खोल्या बांधल्या. शिक्षणहक्क कायदा २००९ मध्ये मंजूर झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याच्या कलम २१ ने शाळा व्यवस्थापन समिती आणली. विनाअनुदानित खासगी शाळा सोडून बाकी शाळांत ती हवीच. सदस्यांपैकी किमान तीन चतुर्थांश आईवडील किंवा पालक, निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि वंचित गटांतल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच निवडायचा, मुख्याध्यापक सचिव. शाळेवर देखरेख ठेवणे, अनुदानाचा खर्च पाहणे आणि शाळेचा विकास आराखडा तयार करणे ही तिची कामे. एवढा अधिकार पंतोजींच्या काळातल्या बापालाही नव्हता.

खासगी शाळांसाठी महाराष्ट्राने शुल्क नियमनाचा कायदा २०११ मध्ये केला, तो २०१४ मध्ये अमलात आला. त्यानुसार प्रत्येक शाळेत पालक-शिक्षक संघ असतो आणि त्याची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून निवडली जाते. फीवाढीचा प्रस्ताव पुढचे वर्ष सुरू होण्याआधी सहा महिने या समितीपुढे यावा लागतो. शहरातले माझे ओळखीचे पालक फी वाढली की एप्रिलमध्ये फाटकासमोर घोषणा देतात. त्यांना मी विचारतो, की चिठ्ठ्या टाकल्या त्या दिवशी तुम्ही कुठे होता? बहुतेकांना असा काही दिवस असतो हेच ठाऊक नसते. शाळाही तो दिवस ढोल वाजवून जाहीर करत नाहीत, हेही खरे.

सरकारी शाळांत २०२५ पर्यंत उलटा रोग होता, समित्यांचा सुकाळ. व्यवस्थापन समिती, माता-पालक संघ, शिक्षक-पालक संघ, पोषण आहाराची एक, प्रवासाची एक, तंबाखूविरोधी एक. तीच दहा-बारा नावे फिरवून वह्या भरल्या जात. मुख्याध्यापक बिचारा इतिवृत्ते लिहिण्यात गुंतत असे. 'लोकसहभाग' या शब्दाचा अर्थही हळूहळू आक्रसला आहे. भिंती रंगवायला वर्गणी द्या, टीव्ही संच द्या, श्रमदानाला या. वर्गणी वाईट नाही, भाऊरावही धान्य मागतच होते. पण पैसे द्यायला पालक आणि ठरवायला आम्ही, अशी वाटणी झाली की तो सहभाग उरत नाही.

यात पणाला काय लागले आहे, तेही सांगतो. २०१७ च्या अखेरीस राज्यात दहापेक्षा कमी पट असलेल्या तेराशेच्या आसपास शाळा बंद करून मुलांना जवळच्या शाळेत पाठवण्याचा निर्णय झाला होता. २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांच्या 'समूह शाळा' करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. अशा शाळांची संख्या १४ हजारांहून अधिक होती. कागदावर दोन शाळांमधले अंतर किलोमीटरमध्ये असते. त्या अंतरात ओढा आहे का, पावसाळ्यात त्यावर पूल आहे का, सातवीतल्या मुलीला एकटीने त्या वाटेने घरचे पाठवतील का, हे कागदाला माहीत नसते. ते माहीत असते आईला. आणि तिचे म्हणणे लेखी स्वरूपात वर जाण्याचा रीतसर मार्ग म्हणजे हीच समिती, तिचा ठराव आणि तिचा आराखडा. वही कोरी असेल, तर वरच्या कचेरीच्या लेखी त्या गावाला काही म्हणायचेच नव्हते.

आता शेवटचे, माझ्या नोकरीतले. माझी अखेरची शाळा बीड जिल्ह्यात होती. दसरा-दिवाळीनंतर अर्धे गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जाते, ते उन्हाळ्यातच परतते. मुकादमाची उचल घेतलेली, जाणे भागच. पोरे मागे राहावीत म्हणून गावातच हंगामी वसतिगृह चालते आणि त्याची जबाबदारी शाळा व्यवस्थापन समितीवर असते : कोणाची किती पोरे राहणार, स्वयंपाक कोण करणार, कुठे झोपणार. ही यादी दसऱ्याच्या आत व्हायला हवी. पण समितीची सभा सकाळी अकरा वाजता ठेवण्याचा शिरस्ता होता, कारण ती कार्यालयीन वेळ. अकराला सगळ्या बाया खुरपायला रानात. मी ती सभा रात्री आठ वाजता मारुतीच्या देवळात लावली. जेवणे उरकून चाळीसएक माणसे आली, त्यांत निम्म्याहून अधिक बाया.

यादी चालू असताना समितीतली एक सदस्य बाई उभी राहिली. म्हणाली, "गुरुजी, मी मेंबर, माझा मालक मेंबर, ही शेजारची मेंबर. आम्ही सारी कारखान्यावर गेल्यावर सहा महिने सभा कुणाची?" कोणापाशी उत्तर नव्हते. मी कायद्याची प्रत पुन्हा वाचली. कलमात 'माता-पिता किंवा पालक' असे शब्द आहेत. मागे राहणाऱ्या नातवंडांच्या पालक तर आज्याच होत्या. पुढच्या सभेत दोन आज्यांना समितीवर घेतले.

त्यातल्या एकीने पहिल्याच सभेत दोन गोष्टी सांगितल्या. रोज रात्री पोरांना खिचडी नको, दोन दिवसांआड भाकरी हवी, नाहीतर बारकी पोरे उपाशी झोपतात. आणि झोपायच्या खोलीपासून मुतारीपर्यंत अंधार आहे, पोरी रात्रभर दाबून धरतात, तिथे दिवा हवा. मी अकरा महिने त्या वाटेने रोज जात होतो, दिवसा. इतिवृत्तात ठराव क्रमांक ३ म्हणून दिवा लिहिला गेला, आणि दिवाळीच्या आधी तो लागला.